रॉवेलच्या आठवणी: मजकूर अस्सल, छपाई भिकार

पुस्तक: ‘फॉर्टी इयर्स ॲन ॲडव्हर्टायझिंग एजंट, १८६५–१९०५’. लेखक जॉर्ज प्रेसबरी रॉवेल. मूळ प्रकाशन न्यूयॉर्क, १९०६. माझ्याकडे आलीय ती हल्लीची, ऑर्डर पडली की छापून पाठवतात त्यातली पेपरबॅक.

आधी निकाल. मजकुराला पाचपैकी साडेचार. या छपाईला एक, तोही पुठ्ठा जरा जाड आहे म्हणून. पुस्तक जरूर वाचा, मात्र ही असली प्रत विकत घेऊ नका. का ते शेवटी सांगते.

सोलापुरात आमची जाहिरात एजन्सी आहे. एजन्सी म्हटल्यावर काचेच्या केबिनी आणि दाढी वाढवलेले कॉपीरायटर डोळ्यांसमोर आणू नका. एक गाळा, दोन टेबलं, एक स्कॅनर आणि भिंतीला टेकून जुन्या पेपरांचे गठ्ठे. वकिलांच्या जाहीर नोटिसा, ‘पाहिजेत’, भावपूर्ण श्रद्धांजली, प्रथम पुण्यस्मरण, साहेबांच्या वाढदिवसाचे शुभेच्छुक आणि पावसाळा संपत आला की दिवाळी अंक. धंदा सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, उभा केला. आता मी बघते. आरओ, म्हणजे पेपरला जाहिरात छापायची लेखी ऑर्डर, काढायची, मटेरियल पाठवायचं, छापून आलं की व्हाउचर कॉपी, म्हणजे पुराव्याचा अंक, फायलीला लावायची, बिल करायचं आणि मग वसुलीच्या मागे लागायचं. या पुस्तकाबद्दल मी लिहितेय ती याच टेबलावरून.

जाहिरातीवरची पुस्तकं बहुतेक घोषवाक्यांची असतात. कोणाला कुठली ओळ सुचली, कुठल्या साबणाचं वेष्टन कसं बदललं. वाचायला गंमत येते, पण आमचं पोट त्यावर चालत नाही. ते चालतं जागेवर. पेपरातली जागा कोणाकडून घेतली, कितीला घेतली, पैसे कधी द्यायचे ठरले आणि गिऱ्हाइकाला ती कितीला लावली, यावर. रॉवेलचं पुस्तक पहिल्या पानापासून याच जागेबद्दल बोलतं. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या मुलखातला हा माणूस मला आमच्याच लाइनीतला वाटला.

रॉवेलचा जन्म ४ जुलै १८३८ चा, व्हरमाँट राज्यातल्या काँकॉर्ड गावचा. शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये लँकेस्टरला वाढला आणि विशीत बोस्टनला येऊन ‘बोस्टन पोस्ट’ या दैनिकात चिकटला. काम कसलं, तर वसुलीचं. जाहिरातींची बिलं घेऊन दुकानोदुकानी फिरायचं आणि पैसे आणायचे. ज्याला या धंद्यात पुढे काही करायचंय त्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. जाहिरात आणणारा गिऱ्हाइकाच्या गोड बोलण्याला भुलतो. वसुलीवाल्याला त्याच गिऱ्हाइकाचं दुसरं तोंड दिसतं. कोण रोख देतो, कोण ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणतो, कोणाच्या दुकानात माल भरपूर आणि गल्ला रिकामा, हे सगळं रॉवेलला पंचविशीच्या आत पाठ झालं होतं. पुढचा सगळा व्यवहार त्याने या माहितीवर उभारला.

१८६४ च्या अखेरीस त्याने सुट्ट्यांच्या दिवसांत नाटकांचा कार्यक्रम छापून वाटायची टूम काढली. खर्च त्यातल्या जाहिरातींतून निघाला आणि वर चांगले पैसे सुटले. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या आणि गॅदरिंगच्या स्मरणिका निघतात, तोच हिशेब. त्या भांडवलावर १८६५ मध्ये होरेस डॉड नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने बोस्टनमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं ते हेच वर्ष.

एजंटगिरी काही त्याने शोधून काढली नाही. फिलाडेल्फियाचा व्हॉल्नी पामर १८४० च्या दशकापासून हा धंदा करत होता, आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या पेटेंगिलने बोस्टनमध्ये आणि मग न्यूयॉर्कमध्ये आपलं बस्तान बसवलं होतं. पण रीत अशी होती की गिऱ्हाइकाने ‘अमुक गावांत जाहिरात द्यायची आहे’ म्हटलं की एजंट अंदाजे आकडा सांगायचा, मग पेपरांना पत्रं लिहायचा आणि प्रत्येकाशी वेगळी घासाघीस करायचा. पेपरचं छापील दरपत्रक म्हणजे नुसतं बोलणं सुरू करायचं निमित्त. पेपरला शेवटी किती पोचले ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही, गिऱ्हाइकाने किती दिले ते पेपरला कळायचं नाही. मधला माणूस तेवढा दोन्ही आकडे जाणून.

रॉवेलने काय केलं? न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या राज्यांतल्या, गावोगावच्या साप्ताहिकांची एक यादी बांधली आणि सरळ भाव पुकारला: शंभर पेपरांत, महिनाभर, एक इंच जागा, शंभर डॉलर. बस. अंदाज नाही, ‘विचारून सांगतो’ नाही. गिऱ्हाइकाला हातात धरता येईल असा भाव पहिल्यांदा मिळाला.

त्यामागचं गणित मी कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहिलं. प्रत्येक पेपरला महिन्याला इंचामागे एक डॉलर पडतो. समजा कॉलम वीस इंचांचा. तो पुरता विकला गेला तर एका पेपरमागे महिन्याला वीस डॉलर, वर्षाला दोनशे चाळीस. रॉवेल तो आख्खा कॉलम वर्षभरासाठी ठोक भावात घ्यायचा आणि इंचाइंचाने विकायचा. आमच्या सोलापुरात ताग्यातून कापड फाडून देतात तसा. ठोक भाव आणि इंचाचा भाव यांतलं अंतर ती त्याची कमाई. कॉलम रिकामा राहिला तर बुडीतही त्याचीच. म्हणजे नावाला एजंट असला तरी तो खरा जागेचा घाऊक व्यापारी होता. पुस्तकातला हा भाग सगळ्यांत जिवंत आहे. साप्ताहिकाचा मालक मुळात छापखानेवाला असतो, कागदाचं बिल त्याच्या डोक्यावर बसलेलं असतं, आणि कोणी पैसे वेळेवर आणि हमखास देणारा भेटला तर तो भाव बराच खाली आणतो, हे रॉवेलने बरोबर ओळखलं होतं. गिऱ्हाइकाने पैसे दिले न दिले, पेपरला आपण द्यायचेच, ही हमी त्याने घेतली. ज्याने कधी जिल्हा पेपरच्या मालकाशी महिनाअखेरीला बोलणी केलीत त्याला यातली ताकद सांगायला नको.

१८६७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. पार्क रो म्हणजे तिथल्या पेपरवाल्यांची आळीच. तिथे आधी बिऱ्हाड टाकलं आणि पुढे १० स्प्रूस स्ट्रीट हा त्याचा पत्ता झाला. हा पत्ता लक्षात ठेवा, पुन्हा यायचा आहे.

आता त्याचं सगळ्यांत मोठं काम. १८६९ मध्ये त्याने ‘अमेरिकन न्यूजपेपर डिरेक्टरी’ काढली. देशातल्या पाच हजारांवर नियतकालिकांची राज्यवार, गाववार यादी, शिवाय कॅनडातली. पेपरचं नाव, निघण्याचा वार, आकार, राजकीय कल आणि खप. आज यात विशेष काय, असं वाटेल. पण त्या वेळी पेपरांची यादी हेच एजंटाचं भांडवल होतं. कुठल्या गावात कुठला पेपर निघतो हे ज्याला माहीत तो एजंट. बाकीच्यांनी त्याच्या दारात यावं. प्रत्येकजण आपली यादी कुलपात ठेवायचा. रॉवेलने ती छापली आणि विकायला ठेवली, प्रतिस्पर्ध्यांनाही. जवळच्या लोकांना हे वेड वाटलं. मला विचाराल तर हा शुद्ध हिशेबीपणा होता. यादी सगळ्यांना मिळाली की यादीचा मालक कोण हेही सगळ्यांना कळतं, आणि डिरेक्टरीत पेपरांच्या जाहिराती घेता येतात त्या वेगळ्याच.

खरी काशी खपाच्या रकान्याने केली. खप विचारला की पेपरवाले फुगवून सांगायचे. रॉवेलने नियम केला: वर्षभरात प्रत्यक्ष किती प्रती छापल्या त्याचं सहीनिशी तपशीलवार निवेदन द्या, आकडा तसाच छापतो. नाही दिलंत तर माझा अंदाज मी छापणार. आणि त्याचा अंदाज अर्थातच मालकाच्या तोंडच्या आकड्याच्या खूपच खाली असायचा. मग पत्रापत्री, शिव्या, आणि ‘आमची जाहिरात घेतली नाही म्हणून खप कमी दाखवला’ असे उघड आरोप. या आरोपात कितपत तथ्य होतं याबद्दल पुस्तकात रॉवेलची एकच बाजू आहे आणि ती तो फार हिरिरीने मांडतो. मी थोडं मीठ लावूनच वाचलं. जो माणूस पेपरांचा खप ठरवतो, तोच त्यांच्याकडून घाऊक जागा घेतो, आणि तोच त्यांना आपल्या डिरेक्टरीत जाहिरात द्या म्हणतो. समोरच्या टोकाला बसलेल्या संपादकाला दडपण येणारच की.

पण पुढे त्याने एक गोष्ट केली त्याला मात्र दाद द्यावी लागते. ज्यांचा खप तपासून खात्री झाली त्या पेपरांपुढे हमीची खूण, आणि हा आकडा खोटा आहे असं पहिल्यांदा सिद्ध करील त्याला शंभर डॉलर. खपाच्या आकड्यामागे स्वतःचे पैसे लावणारा एजंट मी तरी पाहिलेला नाही. अमेरिकेत खप तपासणारी स्वतंत्र ऑडिट संस्था, एबीसी, आली १९१४ मध्ये, आपल्याकडे १९४८ मध्ये. त्याआधी जे काही होतं ते असं, एका माणसाच्या भरवशावर.

डिरेक्टरीतल्या आणखी एका खुणेवर मी खूप हसले. एका वर्तुळात ठिपका, असं दोनदा. किमयागार सोन्यासाठी वापरायचे ते चिन्ह. अर्थ असा की या पेपरला जाहिरातदार मान देतात तो प्रतींच्या संख्येसाठी नव्हे, वाचकांच्या दर्जासाठी. ‘ताई, खप कमी असेल, पण आमचा वाचक क्लास आहे,’ हे वाक्य मी प्रत्येक दिवाळीत कुठल्या ना कुठल्या अंकाच्या प्रतिनिधीकडून ऐकते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने त्याला चक्क टाइप पाडून ठेवला होता.

आमच्या अण्णांची खप काढायची पद्धत निराळी होती. प्रतिनिधी काय सांगतो ते ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, आणि मग कधीतरी पहाटे एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कुठल्या गाडीत कुठल्या पेपरचे किती गठ्ठे चढतात, बार्शीला किती, पंढरपूरला किती, अक्कलकोटला किती. ‘अगं, माणूस खोटं बोलतो, गठ्ठा बोलत नाही,’ म्हणायचे. संध्याकाळी परत आलेल्या पेपरांची रद्दी किती निघते तेही एजंटांकडून हळूच काढून घ्यायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक पेपरच्या नावापुढे दोन आकडे असत, एक सांगितलेला, एक मोजलेला. रॉवेलची डिरेक्टरी वाचताना मला ही वही सारखी आठवत होती. फरक एवढाच की अण्णांनी ती कधी कोणाला दाखवली नाही.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या शताब्दीचं मोठं प्रदर्शन भरलं. रॉवेलने तिथे वर्तमानपत्रांसाठी वेगळं दालन उभारलं. देशभरातली आठ हजारांवर नियतकालिकं, खणाखणांत क्रमाने लावलेली. कोणीही यावं, आपल्या गावचं नाव सांगावं, आपला पेपर काढून घ्यावा आणि बसून वाचावा. घरापासून हजार मैलांवर आलेल्या माणसाला आपल्या गावचा चार पानी पेपर हातात मिळतोय, याहून चांगली जाहिरात कुठल्या एजन्सीने स्वतःची केली असेल? आणि या खणांमागे आमच्या धंद्याचं रोजचं कामही आहे. जाहिरात खरंच छापून आली का, कुठल्या पानावर, किती इंच, हे पाहायला एजंटाला प्रत्येक पेपर मागवून लावून ठेवावाच लागतो. आम्ही त्याला व्हाउचर कॉपी म्हणतो. रॉवेलने ती फायलिंगची खोली उचलून प्रदर्शनात मांडली, एवढंच.

१५ जुलै १८८८ ला त्याने ‘प्रिंटर्स इंक’ हे जाहिरात धंद्याचं नियतकालिक काढलं. खिशात मावेल असा छोटा आकार, आणि स्वतःला बिरुद घेतलं ‘जाहिरातकलेचा छोटा मास्तर’. दुकानदाराने जाहिरात कशी लिहावी, कुठे द्यावी, दुसऱ्याची जाहिरात कुठे फसली, यावर मजकूर. पोस्टखात्याशी त्याचं या अंकावरून मोठं भांडण झालं. नियतकालिकांना टपालाचा स्वस्त दर मिळतो. खात्याचं म्हणणं हे नियतकालिक नाहीच, ही तुमच्या एजन्सीची जाहिरात आहे. रॉवेलला याचा राग शेवटपर्यंत होता. मी दोन्हीकडची बाजू वाचून म्हणेन, खातं अगदीच चूक नव्हतं. पण तेच ‘प्रिंटर्स इंक’ त्याच्या मागे कित्येक दशकं चाललं आणि अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांचं आवश्यक वाचन झालं, हेही खरं.

आता रिपान्स. पुस्तकातला मला सगळ्यांत आवडलेला भाग, आणि लेखकाच्या नैतिक उंचीचं मोजमाप करायचं असेल तर तोही हाच.

त्या काळातले बडे जाहिरातदार म्हणजे पेटंट औषधवाले, जाहिरातीच्या जोरावर तयार औषधं खपवणारे. लोवेल गावचे डॉ. जे. सी. आयर, ‘बुचू’ विकणारा हेल्मबोल्ड, ‘एस. टी. १८६० एक्स’ अशी कोड्यातली अक्षरं कड्याकपारींवर रंगवून आपलं कडू टॉनिक खपवणारा ड्रेक. रॉवेलने आयुष्यभर यांच्या जाहिराती पेपरांना पोचवल्या. मग १८९० च्या दशकात त्याला वाटलं, आपणच का नको? त्याच्याकडे जागाही पडून होती. डिरेक्टरीत आणि ‘प्रिंटर्स इंक’मध्ये जाहिरात देणारे पुष्कळ पेपर पैसे रोखीत न देता आपल्या पेपरातल्या जागेच्या रूपाने चुकते करायचे. ही जागा विकायची कोणाला? म्हणून त्याने पोटाची गोळी काढली. नाव घटकांच्या आद्याक्षरांवरून: रुबार्ब, इपेकॅक, पेपरमिंट, अॅलोज, नक्स व्हॉमिका, सोडा. रिपान्स. म्हणजे आपली रेवाचिनी, ओकारी आणणारं इपेका, पुदिन्याच्या जातीचं पेपरमिंट, कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे एलिया, कुचला, आणि खायचा सोडा. कुचल्याला कोकणात काजरा म्हणतात आणि त्याची बी विषारी असते हे माझ्या आजोळी पोराटोरांना ठाऊक होतं. कंपनीचा पत्ता? १० स्प्रूस स्ट्रीट.

रिपान्सच्या जाहिराती आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून ठेवलेल्या जुन्या पेपरांत सापडतात. मी मुद्दाम शोधल्या. एक अगदी आमच्या ‘पाहिजेत’च्या थाटातली आहे. तिचा आशय असा: पाहिजे, रिपान्सने गुण येणार नाही अशी एखादी आजाराची केस, पाच सेंट पाठवा, दहा गोळ्यांचा नमुना आणि हजार प्रशस्तिपत्रं पाठवू. छोट्या जाहिरातीचा यापेक्षा चांगला नमुना मी पाहिलेला नाही. ‘पाहिजे’ म्हटलं की माणसाचा डोळा थांबतो, त्याला नोकरी किंवा घर वाटतं. पुढे आव्हान आहे, किंमत आहे, पत्ता आहे, मिळणार काय ते आहे. एकही शब्द फुकट गेलेला नाही. शब्दाला पैसे मोजणाऱ्या माणसाने लिहिलेली जाहिरात अशी असते. आणि दावा? तो मात्र धादांत अवास्तव.

याच माणसाने १८७० च्या एका पुस्तकात जाहिरातदारांना उपदेश केलेला आहे की प्रामाणिकपणा हाच जाहिरातीतला सर्वांत जोरकस मुद्दा. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातून आल्या. मला यात ढोंग फारसं दिसत नाही. खपाच्या आकड्यात खोटं बोललं तर एजंटाचा धंदा बुडतो, म्हणून तिथे तो कडक. गोळीच्या गुणात वाढवून सांगितलं तर धंदा वाढतो, म्हणून तिथे ढिला. त्याची सचोटी जागेपुरती पक्की होती, जागेत काय छापलंय त्याची जबाबदारी त्याने कधी स्वतःवर घेतली नाही. आमच्या धंद्यात आजही हेच चालतं. आरओवर आकार चुकला तर मला झोप लागत नाही. भोंदू बाबाची जाहिरात आली तर ‘मजकुराची जबाबदारी जाहिरातदाराची’ ही ओळ पेपर खाली छापतो आणि सगळे मोकळे. मी अशा जाहिराती घेणं बंद केलं, पण शेजारचा घेतो, आणि त्याचं दुकान माझ्यापेक्षा मोठं आहे.

पुस्तक छापून आलं त्याच १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न आणि औषधांवरचा पहिला केंद्रीय कायदा झाला आणि पेटंट औषधवाल्यांचे वाईट दिवस सुरू झाले. १९११ मध्ये खोट्या जाहिरातीला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचा नमुना मसुदा पुढे आणला तो ‘प्रिंटर्स इंक’नेच. रॉवेल ते बघायला नव्हता. तो ऑगस्ट १९०८ मध्ये गेला. त्याची डिरेक्टरीसुद्धा नंतर फिलाडेल्फियाच्या एन. डब्ल्यू. आयर कंपनीच्या वार्षिकात मिसळून गेली. यालाही एक टोक आहे. याच आयरने (औषधवाले डॉ. आयर वेगळे) १८७० च्या दशकात गिऱ्हाइकाशी उघडा करार करायला सुरुवात केली होती: पेपरला किती पोचले ते सांगतो, त्यावर माझं ठरलेलं कमिशन घेतो. रॉवेलच्या घाऊक पद्धतीत हा उघडेपणा बसतच नव्हता. शेवटी जग गेलं ते आयरच्या रस्त्याने. पंधरा टक्के कमिशन आज सोलापुरातही आहे. त्यातलं निम्मं गिऱ्हाईक सूट म्हणून मागून घेतं ही गोष्ट वेगळी.

आणि एक योगायोग. रॉवेल न्यूयॉर्कमध्ये या आठवणी हप्त्याहप्त्याने ‘प्रिंटर्स इंक’मध्ये लिहीत होता ते वर्ष १९०५. त्याच वर्षी आपल्या गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी सुरू झाली, जी भारतातली सर्वांत जुनी जाहिरात एजन्सी म्हणून ओळखली जाते.

आता तक्रारी. मूळ मजकूर वर्षभराचे ५२ हप्ते आहेत आणि पुस्तक करताना त्यांना कात्री लागलेली दिसत नाही. एकच किस्सा दोनदा येतो. बोस्टनचा अमुक संपादक, शिकागोचा तमुक व्यवस्थापक, त्यांचे स्वभाव, त्यांचे आजार, त्यांच्या पेपरांचं पुढे काय झालं, अशी पानंच्या पानं आहेत आणि त्यातली बहुतेक नावं आज तिथेही कोणाला माहीत नसतील. मधला एक टप्पा मी चक्क चाळून काढला. घरच्यांबद्दल जवळजवळ काही नाही. ऑफिसात पत्ते लिहिणारी, पेपर लावणारी, कात्रणं तपासणारी माणसं कोण होती, त्यांना पगार काय, याची मला फार उत्सुकता होती, कारण आठ हजार पेपर खणांत काही रॉवेलने स्वतः लावले नसणार. तिथे तो गप्प आहे. मात्र पैशाबद्दल बोलायला लाजत नाही, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. आपल्याकडे धंद्यातली माणसं आत्मचरित्र लिहितात तेव्हा ‘ईश्वरकृपेने आणि वडिलांच्या आशीर्वादाने’ इथेच हिशेब संपतो.

इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांब, पण अवघड नाही. पहिला एक तृतीयांश भाग, डिरेक्टरीवरचा भाग आणि रिपान्स, एवढं वाचलं तरी पुरे.

राहिली प्रत. साडेबाराशे रुपये घेतले. मुखपृष्ठावर रात्री दिवे लागलेल्या काचेच्या गगनचुंबी इमारती. १८६५ च्या बोस्टनशी त्यांचा संबंध काय, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. आत एका ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीचे स्कॅन जसेच्या तसे टाकलेत. काही पानं तिरकी, काहींच्या कडेची अक्षरं शिवणीत गेलेली, वाचायला पुस्तक पार उलटं मोडावं लागतं. मूळ पुस्तकात त्या काळच्या पेपरवाल्यांचे आणि एजंटांचे भरपूर फोटो आहेत. इथे ते काळे चौकोन झालेत. एका चौकोनात नुसती पांढरी दाढी तेवढी ओळखू येते. एके ठिकाणी पेन्सिलीने केलेली खूण, दुसरीकडे ग्रंथालयाचा शिक्का, दोन्ही इमानदारीने छापलेले. कंपनीला ईमेल केला तर ‘ऐतिहासिक ग्रंथाचं मूळ स्वरूप जपण्यासाठी’ असं छापील उत्तर आलं. परतावा नाही.

हे पुस्तक कॉपीराइटमधून केव्हाच मोकळं झालंय. इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण स्कॅन फुकट आहे, फोटो स्वच्छ दिसतात आणि मजकुरात शब्द शोधता येतो, जे या पाचशेवर पानांच्या ठोकळ्यात फार लागतं. टॅबवर उतरवून घ्या. कागदच हवा असेल तर वर सांगितलेले तीन भाग झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी काढून स्पायरल करून घ्या. आमच्या इथे तरी दोनशेच्या आत होतं. जाहिरात विभागात नव्याने लागलेल्या पोरापोरींना मी तसंच स्पायरल देते. मासकॉमच्या विद्यार्थ्यांनी ‘सर्जनशीलता’ शोधायला हे उघडू नये, हाती काही लागणार नाही. जिल्हा पेपरचे मालक, दिवाळी अंकवाले आणि ज्यांच्या टेबलावर न आलेल्या बिलांची फाइल आहे असे सगळे, त्यांनी मात्र रिपान्सपासून सुरुवात केली तरी चालेल.